मिनी अंगणवाडीची मोठी अंगणवाडी होताना

२०११ साली मी मिनी अंगणवाडी सेविका म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या ताब्यात एक वजनकाटा, अकरा नोंदवह्या, दोन पातेली आणि एका कुलपाची एकच किल्ली देण्यात आली. सोलापूर जिल्ह्याच्या कर्नाटक सीमेकडील एका गावात, गावठाणापासून अडीच किलोमीटरवर आमची वस्ती आहे. मध्ये ओढा आहे आणि पावसाळ्यात तो भरला की लहान मुलांना गावातील अंगणवाडीत पोहोचता येत नाही, म्हणून वस्तीला स्वतंत्र केंद्र मंजूर झाले होते. ग्रामीण भागात चारशे ते आठशे लोकसंख्येला एक पूर्ण अंगणवाडी आणि दीडशे ते चारशेच्या वस्तीला मिनी अंगणवाडी, असा निकष आहे. पूर्ण अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघी असतात. मिनीत सेविका एकटी. पूरक पोषण आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे) आणि पोषण व आरोग्य शिक्षण या सहा सेवा मात्र दोन्हीकडे सारख्याच द्याव्या लागतात. मुले कमी असतात म्हणून काम कमी असेल, असा समज बाहेरून होतो. पाच मुलांसाठी चूल पेटवायची असो वा पंचवीस मुलांसाठी, ती पेटवावीच लागते.

एकटीने केंद्र चालवणे म्हणजे काय, हे सांगायचे तर एखाद्या महिन्यातील वजनाचा दिवस सांगावा लागेल. सकाळी कुलूप काढून झाडलोट करायची, हौदावरून पाण्याच्या दोन कळशा आणायच्या, जी मुले आईबरोबर शेतात निघाली असतील त्यांना वाटेतून वळवून आणायचे आणि डाळ-तांदूळ निवडत निवडत गाणे म्हणून घ्यायचे. नंतर एका हाताने मूल काट्यात बसवायचे, दुसऱ्या हाताने काटा स्थिर करायचा, आकडा मनात धरून ठेवायचा आणि मूल उतरवून झाल्यावर वहीत लिहायचा. तेवढ्यात पातेले उतू जाते. २०१४ च्या उन्हाळ्यात एकदा मी पातेल्याकडे धावले असता तीन वर्षांचा एक मुलगा उघड्या दारातून निघून ओढ्याकडे गेला होता. तो कोरड्या पात्रातील वाळूत खेळताना सापडला. त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवले नाही. पुढे सहा वर्षे स्वयंपाक करताना मी दाराला बाहेरून नव्हे, तर आतून कडी घालत असे, आणि कोंडलेल्या खोलीत धुराने मुलांचे डोळे चुरचुरत.

हे ज्यांनी पाहिले त्या आमच्या शेजारच्या अक्का. वस्तीवर निम्म्याहून अधिक घरांत कन्नड बोलले जाते, त्यामुळे थोरल्या बाईला अक्का म्हणण्याची रीत मराठी घरांतही आहे. अक्का विधवा आहेत, सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, जोंधळ्याच्या काढणीचे दिवस सोडले तर सकाळी मोकळ्या असतात. आधी त्या धुराची तक्रार करायला आल्या आणि मग पातेल्याजवळ बसूनच राहिल्या. पुढची अनेक वर्षे खिचडी अक्कांनी ढवळली. मी घरून आलेली एखादी भाजी त्यांना देत असे आणि दिवाळीला लुगडे. याहून अधिक काही देणे मला शक्य नव्हते आणि त्यांनी मागितलेही नाही. कागदोपत्री मी एकटीच होते.

या काळात सुधारणा आल्या नाहीत असे नाही. २०१८ साली पोषण अभियान सुरू झाले, त्यानंतर आम्हाला मोबाईल मिळाले आणि नोंदवह्यांचा भार कमी होईल असे प्रशिक्षणात सांगण्यात आले. मार्च २०२१ पासून नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आले. दिलेल्या फोनची क्षमता अपुरी होती, तो तापत असे आणि मध्येच बंद पडे. राज्यात अनेक ठिकाणी सेविकांनी त्या वर्षी ते फोन शासनाला परत केले. मी माझ्या मुलाचा फोन वापरू लागले. वह्या मात्र बंद झाल्या नाहीत, कारण तपासणीला येणारे वहीही मागत आणि ॲपही पाहत. मुलाचे वजन मी दोनदा लिहू लागले, हा त्या सुधारणेचा माझ्या वस्तीवरील परिणाम. माझा ॲपला विरोध नाही. मुलाचे वय, उंची आणि वजन भरताच ते मूल कोणत्या श्रेणीत आहे हे लगेच दिसते, पूर्वी तक्त्यावर बोट ठेवून रेषा शोधावी लागे, हे मान्य केलेच पाहिजे. पण भरणारे हात दोनच होते.

४ डिसेंबर २०२३ रोजी राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा बेमुदत संप सुरू झाला. तेव्हा सेविकेला दहा हजार, मिनी सेविकेला ७,२०० आणि मदतनीसाला ५,५०० रुपये मानधन होते. त्याच वर्षीच्या मार्चमधील अर्थसंकल्पात ते वाढवून इथपर्यंत आणले होते. आमची मागणी २६ हजार रुपये किमान वेतनाची आणि ग्रॅच्युइटीची होती. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीच्या कायद्याखाली पात्र आहेत असे म्हटले होते. त्याआधी २००६ साली याच न्यायालयाने आमचे पद हे शासकीय सेवेतील पद नाही असा निर्णय दिला होता. म्हणजे आम्ही सरकारी नोकर नाही, तरी सेवेचा मोबदला म्हणून ग्रॅच्युइटीला पात्र आहोत. हे वाक्य मी संपात इतक्या जणींना समजावून सांगितले की शेवटी माझे मलाच पाठ झाले. सोलापुरात जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर आम्ही बसत होतो. वस्तीवरून पहिली एसटी पकडून यायचे, भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली, तेव्हा मुलांना घेऊन आलेल्या बायका आमच्याकडे वळून पाहत पुढे जात.

१९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान सोलापुरात आले आणि कुंभारीच्या रायनगर वसाहतीतील १५ हजार घरे विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांच्या स्वाधीन झाली. आमच्याबरोबर बसणाऱ्या एका शहरी सेविकेच्या सासूबाई विडी कामगार. त्यांना त्यात घर मिळणार होते. तिच्या हातात तोवर ‘कामावर हजर व्हा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल’ अशी नोटीस पडली होती. सासूला घर आणि सुनेला नोटीस एकाच आठवड्यात आली, असे ती हसत सांगत होती. तिच्या त्या हसण्याला काय म्हणावे ते मला अजून समजलेले नाही. २५ जानेवारीला संप मागे घेतला गेला. बावन्न दिवसांनी मी कुलूप काढले तेव्हा उंदरांनी तांदळाचे एक पोते फोडले होते.

त्याच सुमारास मिनी अंगणवाड्यांचे पूर्ण अंगणवाड्यांत रूपांतर करण्याची प्रक्रिया सुरू झाली. केंद्र शासनाने २०२३ मध्ये तसा निर्णय घेतला होता आणि राज्यात मंजूर असलेल्या १,१०,४८६ केंद्रांपैकी १३,०११ केंद्रे मिनी होती. आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी बैठकीत हे सांगितले, तेव्हा आम्ही बीटमधील, म्हणजे मॅडमच्या देखरेखीखालील केंद्रांच्या गटातील, तिघी मिनीवाल्या एकमेकींकडे पाहत राहिलो. मागण्यांच्या यादीत ही मागणी वर्षानुवर्षे होती, परंतु ती शेवटच्या काही ओळींत असे, त्यामुळे आधी तीच मान्य होईल असे कोणालाच वाटले नव्हते.

रूपांतर म्हणजे वस्तीवर काही नवे बांधकाम होणार, असा सरपंचांचा समज झाला होता. प्रत्यक्षात ती कागदांची प्रक्रिया होती. कुटुंबांचे नव्याने सर्वेक्षण करून लोकसंख्या, शून्य ते सहा वयोगटातील मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांचे आकडे द्यायचे. जागा स्वतःची की समाजमंदिराची, शौचालय आहे का, पाणी आहे का हे कळवायचे. माझे बारावीचे गुणपत्रक, नेमणुकीचा मूळ आदेश आणि रहिवासाचा दाखला जोडायचा. मूळ आदेश मी ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवला होता, तो पिवळा पडला होता पण शाबूत होता. आमच्या एका मैत्रिणीचा आदेश पावसात भिजून गेला होता, तिला त्याची प्रत मिळवण्यासाठी चार वेळा हेलपाटे घालावे लागले. आदेश निघाला म्हणेपर्यंत लोकसभेची आचारसंहिता लागली. सोलापूरचे मतदान ७ मे रोजी झाले, मतदान केंद्रावर पाणी आणि सावलीची व्यवस्था पाहायला आम्हीच होतो. आदेश शेवटी बीटच्या व्हॉट्सॲप गटावर आला. कागद हाती पडायला आणखी दोन महिने गेले.

त्यानंतरचे पाच महिने मला मानधन मिनीच्याच दराने मिळत राहिले. आदेशात मी सेविका होते आणि बँकेच्या पासबुकात मिनी सेविका. याबाबत मी कार्यालयात विचारायला गेले असता, ‘सिस्टीममध्ये अजून मिनीच दिसतंय’ असे उत्तर मिळाले आणि सिस्टीम कोण बदलणार या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. फरक मिळाला, तो उशिरा आणि दोन हप्त्यांत. दरम्यान सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सेविकांना पाच हजार आणि मदतनीसांना तीन हजार रुपयांची वाढ जाहीर केली. त्यातील सेविकांचे दोन हजार आणि मदतनीसांचा एक हजार हा प्रोत्साहन भत्ता म्हणून, म्हणजे कामाचे ठरावीक निकष पूर्ण केले तर. घोषणा ऐकताना आकडा पंधरा हजार असतो आणि खात्यात तो क्वचितच पंधरा हजार असतो, एवढेच या ठिकाणी नोंदवते. तरीही सव्वा वर्षात ७,२०० वरून १३ हजारांवर जाणे ही लहान गोष्ट नाही. मी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा पहिला हप्ता त्यातून भरला.

मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्याचे काम आले. अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन ठरले होते. रात्री अकरा वाजता नेटवर्क बरे मिळे म्हणून मी समाजमंदिराच्या ओट्यावर बसून वस्तीवरील आणि गावातील बायकांचे अर्ज भरले. त्या दोन महिन्यांत मुलांची वजने वेळेवर झाली नाहीत, ही माझी चूक मी लपवत नाही.

रूपांतराचा दुसरा अर्धा भाग मदतनीसाचा होता. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात १८,८८२ पदांची भरती जाहीर झाली, त्यातील १३,२४३ पदे मदतनीसांची होती आणि त्यांत एक आमच्या वस्तीचे. जाहिरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली त्या दिवशी मी ती तीनदा वाचली. अर्जदार त्याच महसुली गावची रहिवासी असावी. बारावी उत्तीर्ण असावी. वय १८ ते ३५, विधवांसाठी ४० पर्यंत. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र असावे. मुलाखत नव्हती, निवड गुणांवर. शिक्षणाचे गुण, विधवा आणि अनाथ असल्यास जादा गुण, सेविका किंवा मदतनीस म्हणून कामाचा अनुभव असल्यास त्याचेही गुण.

अक्का त्रेपन्न वर्षांच्या आहेत. त्यांना जाहिरात वाचून दाखवणे मी दोन दिवस टाळले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, ‘बोर्डावर काय लागलंय म्हणे?’ मी वाचून दाखवले. बारावी ऐकल्यावर त्या थांबल्या, वय ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डाळ धुवायला लागल्या. अनुभवाच्या गुणांची ओळ मी मुद्दाम वाचली नव्हती, कारण अक्कांच्या अनुभवाचा एकही कागद अस्तित्वात नव्हता. तो कागद केला नाही, तो मीच. माझ्या अकरा वह्यांत कोण आले, किती खाल्ले, किती उरले याचे रकाने होते; कोणी ढवळले याचा रकाना नव्हता, आणि मी स्वतःहून तो कधी आखला नाही. मिनीत बाहेरची व्यक्ती स्वयंपाकाला हात लावते असे लिहिले तर तपासणीत प्रश्न निघेल, अशी मला भीती होती.

बारावीच्या अटीबद्दल संघटनेच्या बैठकीत पुष्कळ वाद झाला. माझे मत मी तेव्हाही सांगितले होते आणि आजही तेच आहे. ती अट अगदीच चुकीची आहे असे मला वाटत नाही. २०२३ पासून ‘पोषण भी, पढाई भी’ या कार्यक्रमाखाली आम्हाला तीन ते सहा वयोगटाच्या शिक्षणाचे नवे प्रशिक्षण मिळू लागले आहे. ते काम आणि ॲप दोन्ही उद्या मदतनीसालाही करावे लागणार, आणि मदतनीसातून सेविका होण्याची वाट उघडी ठेवायची तर शिक्षण लागणारच. मात्र जिथे वर्षानुवर्षे मदतनीसाचे पद शासनाने दिलेच नाही, तिथे ते काम कोणीतरी फुकट केलेले असणार, हे ओळखणारी एखादी ओळ नियमात असायला हवी होती. वयात सवलत, किमान ठरावीक मुदतीचे मानधन, काहीही. कागद तयार करणाऱ्यांना वस्तीवर दोन हात दिसले, कारण त्यांना आम्ही दोनच दाखवले होते.

गावातून सात अर्ज आले. आमच्या पदासाठी निम्म्याहून अधिक मुले कन्नड बोलणारी असल्याने ती भाषा येणेही पाहिले गेले. यादी लागली, हरकतींची मुदत गेली, एक हरकत रहिवासाच्या दाखल्यावर आली आणि फेटाळली गेली. निवड झाली ती वस्तीवरीलच एका घरातील सुनेची. माहेर विजापूरकडचे, बी.ए. झालेली, दोन वर्षांची मुलगी पदरात. जून २०२५ मध्ये ती रुजू झाली, तेव्हा मदतनीसाचे मूळ मानधन ७,५०० रुपये होते. पहिल्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून आली आणि कुठे बसू असे तिने विचारले. खोलीत एकच खुर्ची होती, आणि चौदा वर्षांत दुसरी लागेल असे कोणाला वाटले नव्हते.

पहिला महिना सोपा गेला नाही. चुलीपाशी अक्का आणि दारात ती, अशी स्थिती होती. काम कोणी कोणाच्या हातून घ्यायचे हे ठरत नव्हते. ती अक्कांना चुलत नात्याने सून लागते, त्यामुळे ‘तुम्ही उठा’ म्हणणे तिला शक्य नव्हते. शेवटी अक्काच एके सकाळी आल्या नाहीत. दुपारी मी घरी गेले तर त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. ‘पगार तिला आहे, बाई, काम पण तिलाच पाहिजे,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र तिथे जास्त वेळ बसवले नाही.

दुसरी व्यक्ती आल्याने काय बदलले, ते वजनाच्या दिवशी दिसले. ती मूल काट्यात बसवत होती आणि मी आकडा वाचत होते, त्यामुळे घाईत अर्धा किलो इकडे तिकडे होण्याचा प्रश्नच आला नाही. एका अडीच वर्षांच्या मुलीच्या दंडाचा घेर मी दोनदा मोजला, कारण पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या किंचित खाली दिसत होती. पूर्वी मी एकदाच मोजून पुढे गेले असते, आणि तिचे वजन पाहता ती मध्यम श्रेणीत बसली असती. तिसऱ्यांदा मदतनीसाने मोजला, पुन्हा तेच. म्हणजे अतितीव्र कुपोषण. त्याच दिवशी आशाताईला बोलावून तिला उपकेंद्रात दाखवले आणि ग्राम बाल विकास केंद्रातून तिचा दिवसातून अनेक वेळचा आहार सुरू झाला. प्रत्येक वेळचे खाणे समोर बसून भरवावे लागते. एकट्या सेविकेला हे पार पाडणे जवळजवळ अशक्य होते, आणि मिनीत असताना अशा किती मुली माझ्या पट्टीतून सुटल्या असतील याचा हिशेब मी करत नाही.

याच जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. लाभार्थी स्वतः समोर हवी, फोनने तिचा चेहरा आधारच्या नोंदीशी जुळवायला हवा, मगच पाकीट. आहार चोरीला जातो हा आरोप आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, त्यामुळे ही तपासणी नको असे मी म्हणणार नाही. पण आधार जोडणीचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो आणि नवरा पुण्यात बांधकामावर असतो. बाळंतपणात गाल बसलेल्या एका मातेचा चेहरा नऊ वेळा जुळला नाही. समाजमंदिराच्या पायऱ्यांवर उन्हात तिला उभे करून, पदर मागे घे, डोळे मिचकाव, असे मी सांगत होते आणि तिचे बाळ मदतनीसाच्या खांद्यावर होते. दहाव्या वेळी जुळला. तोवर आत बावीस मुले कोणाच्या तरी नजरेखाली बसलेली होती, ही या सगळ्यातील नवी गोष्ट.

ऑगस्टच्या बीट बैठकीला मी गेले, तेव्हा चौदा वर्षांत प्रथमच माझे केंद्र माझ्याविना उघडे होते. आधी बैठकीच्या दिवशी मुलांना सुट्टी असे. बाजारच्या दिवशी मी कुलपाची दुसरी किल्ली करून घेतली होती, ती मदतनीसाकडे होती. बैठकीत निवृत्तीच्या लाभांचा विषय निघाला होता. मिनी सेविकेला मिळणारे एकरकमी ७५ हजार आणि सेविकेचे एक लाख यांत माझ्यासारखीची जुनी सेवा कशी धरणार, असे मी विचारणार होते. तेवढ्यात फोन वाजला.

‘बाई, आज एकोणीस मुलं आली. तांदूळ-डाळ मिळून किती टाकू?’

मागून अक्कांचा कन्नडमिश्रित आवाज आला, ‘दीड किलो साकु, साकु.’ म्हणजे पुरे.

‘अक्का केव्हा आल्या?’ मी विचारले.

‘सकाळीच. माझी मुलगी तापानं रडत होती, तिला मांडीवर घेऊन बसल्यात.’

मी दीड किलो सांगितले, फोन ठेवला आणि मॅडमना माझा प्रश्न विचारला.